हॅकिंगला सत्याग्रह म्हणू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे एका तरुणाने लिहिले होते की, सरकार ऐकत नसेल तर त्याची संकेतस्थळे बंद पाडणे किंवा त्याच्या संगणकांत शिरून कागदपत्रे बाहेर काढणे हा आजच्या पिढीचा सत्याग्रहच आहे. पत्रामागची तळमळ खरी वाटली, म्हणूनच हे उत्तर. मी राजापूर तालुक्यात महा ई-सेवा केंद्र चालवते. माडबनच्या, म्हणजे जैतापूरच्या, अणुऊर्जा प्रकल्पाला माझा पहिल्यापासून विरोध आहे आणि जेल भरोच्या दिवसांत वाडीतल्या बायकांबरोबर मीही रस्त्यावर उतरले होते. तेव्हा सरकारची बाजू घेऊन मी बोलते आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये.

राजकीय हेतूने केलेल्या हॅकिंगची दोन जुनी आणि गाजलेली उदाहरणे अणुशक्तीच्या विरोधातलीच आहेत. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’च्या संगणकजाळ्यात आपोआप पसरणारा एक प्रोग्रॅम शिरला. प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज मिळवणारे गॅलिलिओ यान अवकाशात सोडू नये म्हणून तिथे त्याच सुमारास निदर्शने चालू होती. सकाळी कामावर आलेल्या शास्त्रज्ञांना पडद्यावर अणुविरोधी घोषणा दिसली आणि आपल्या फायली एकामागून एक पुसल्या जात असल्याचे दिसले. प्रत्यक्षात काहीच पुसले जात नव्हते, तो निव्वळ देखावा होता. पण घाबरलेल्या माणसाला ते कसे कळणार? यान १८ ऑक्टोबरला सुटायचे ते सुटलेच. पुढे मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि जूनमध्ये वेगवेगळ्या देशांतल्या काही किशोरवयीन मुलांनी ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत घुसून ईमेल पळवले आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावले. अण्वस्त्रांना त्या मुलांचा विरोध होता, माझाही आहे. तरीही त्या कृत्याचे समर्थन मला करता येत नाही. भारताचे अणुधोरण त्याने तसूभरही बदलले नाही, आणि अशा प्रत्येक प्रसंगानंतर गुप्ततेचे कुंपण आणखी उंच करायला सरकारला आयते कारण मात्र मिळते.

परिणाम झाला नाही एवढ्यावरून एखादे कृत्य चूक ठरत नाही, हे मला मान्य आहे. शिरोड्याच्या मिठागरावर मे १९३० मध्ये ज्यांनी मूठभर मीठ उचलले, त्यांच्या हातून मिठाचा कर त्या दिवशी रद्द झाला नव्हता. माझा आक्षेप वेगळा आहे. गांधीजींनी दांडीला निघण्याआधी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण कोणता कायदा मोडणार आहोत हे कळवले होते. शिरोड्याला जमलेल्या सत्याग्रहींनी लाठ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसे भरदिवसा चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, ते त्यांनी सोसले आणि तळ्याचा दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत दहा वर्षे लढवला. या दोन्ही ठिकाणी कायदा किंवा रूढी मोडणारा माणूस समोर उभा होता, त्याला ओळखता येत होते, पकडता येत होते, त्याच्याशी वाद घालता येत होता आणि कृत्याची किंमत तो स्वतः मोजत होता. हॅकिंगमध्ये किंमत भलताच कोणी तरी मोजतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक स्वराज्य संस्थेचे संकेतस्थळ असेच कोणी तरी हॅक केले होते. त्या दिवशी सागवे बाजूच्या एक सत्तरीच्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. यजमानांचा मृत्यू शहरातल्या दवाखान्यात झालेला, त्यामुळे मृत्यूचा दाखला तिथल्या संस्थेकडून हवा होता, आणि तो मिळाल्याशिवाय तलाठ्याकडे सातबाऱ्यावर वारस नोंद होणार नव्हती. रुमालाच्या गाठीत पन्नासाची नोट आणि आधार कार्डाची घडी पडून पडून फाटलेली झेरॉक्स होती. मी संकेतस्थळ उघडले तर काळ्या पडद्यावर परदेशातल्या कुठल्याशा वादाविषयी लाल अक्षरांत इंग्रजी घोषणा, आणि खाली ज्याने हे केले त्याचे टोपणनाव. बाईंनी पडद्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि विचारले, “बाय, मगे आता मी परत कधी येव?” काय सांगणार होते मी? संकेतस्थळ चार दिवस बंद राहिले. दीडच्या एसटीने त्या परत गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात काजूच्या बागेतला एक दिवसाचा रोज बुडवून पुन्हा आल्या. ज्याच्यावर त्या टोपणनावाचा राग होता, त्या राज्यकर्त्याला या घोषणेची वार्ताही पोचली नसेल.

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर आपल्याच किनाऱ्यावरच्या न्हावाशेव्याला जावे लागेल. २७ जून २०१७ रोजी, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी, त्या देशात सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम सोडण्यात आला. अमेरिकेने पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये यासह अनेक हल्ल्यांसाठी रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. युक्रेनवर नेम धरलेला हा प्रोग्रॅम मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरातल्या संगणकांत पसरला आणि उरण तालुक्यातल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिचे टर्मिनल ठप्प झाले. कोणता कंटेनर कोणाचा हे सांगणारी यंत्रणाच बंद पडल्यावर मालाने भरलेले ट्रेलर उभे राहणार नाहीत तर काय होणार? एकट्या मर्स्कने आपले नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर सांगितले. युक्रेन आणि रशियाच्या भांडणाशी उरणच्या ट्रेलरचालकाचा संबंध तो काय? हॅकर सरकारी नोकर असो वा एकटा कार्यकर्ता, एकदा सोडलेला प्रोग्रॅम कोणाच्या दारात जाऊन थांबेल हे त्याच्या हातात राहत नाही.

आता त्या तरुण वाचकाचा सगळ्यात ठसठशीत मुद्दा घेते. एखाद्या संकेतस्थळावर एकाच वेळी प्रचंड मागण्या पाठवून ते बंद पाडणे म्हणजे कार्यालयासमोर धरणे धरण्यासारखेच आहे, असे ते म्हणतात. वरवर पाहता हे पटण्यासारखे आहे. पण तहसील कार्यालयासमोर दोनशे माणसे बसली तर ती दोनशेच असतात. प्रत्येकाने घर सोडलेले असते, उन्हात बसलेले असते, आणि तहसीलदारालाही समोर दिसते की हा दोनशे जणांचा प्रश्न आहे. अशा हल्ल्यांत मात्र पुष्कळदा हजारो अनोळखी लोकांचे संगणक त्यांच्या नकळत ताब्यात घेऊन वापरलेले असतात, म्हणजे एकटा मुलगा लाख माणसांचा आव आणू शकतो. लोकशाहीत आंदोलनाचे वजन माणसांच्या संख्येवर आणि त्यांच्या निर्धारावर ठरते, आणि इथे तो तराजूच खोटा आहे. २०१२ मध्ये काही न्यायालयीन आदेशांमुळे देशात अनेक संकेतस्थळे रोखली गेली, तेव्हा ‘अनॉनिमस’ या निनावी हॅकरांच्या नावाने काही सरकारी आणि पक्षांची संकेतस्थळे बंद पाडण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईसह अनेक शहरांत तरुण मुलेमुली रस्त्यावरही उतरली. मला त्या रस्त्यावरच्या मुलांविषयी आदर वाटतो. ती मोजकी असतील, पण ती खरी होती.

कागदपत्रे बाहेर काढण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तिथे मी ठामपणाचा आव आणणार नाही. जुलै २०१५ मध्ये इटलीतल्या ‘हॅकिंग टीम’ या कंपनीची सुमारे ४०० जीबी माहिती एका अज्ञात हॅकरने उघड केली आणि नागरिकांवर पाळत ठेवण्याची साधने ही कंपनी सुदान व इथिओपियासारख्या देशांच्या सरकारांना विकत असल्याचे जगाला कळले. त्या सरकारांच्या तुरुंगात पडलेल्या पत्रकाराच्या आईने या हॅकरचे आभार मानले तर मी तिला चूक म्हणणार नाही. मात्र त्याच ढिगाऱ्यात कंपनीच्या साध्या नोकरांचा खासगी पत्रव्यवहारही होता, तो कोणी निवडून बाजूला काढला नव्हता. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ‘स्ट्रॅटफॉर’ या कंपनीत शिरलेल्यांनी तर ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरून धर्मादाय संस्थांना देणग्या देऊन टाकल्या. दुसऱ्याच्या खिशातून दिलेल्या पैशाला आपल्याकडे कोणी दान म्हणत नाही. शिरलेल्यांपैकी जेरेमी हॅमंड यांना त्या प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. माझे मत विचाराल तर, मोठा अन्याय उघड करण्यासाठी, काहीही न मोडता, तिऱ्हाइताच्या माहितीला हात न लावता कोणी कागद बाहेर काढले आणि नंतर आपले नाव सांगून तो न्यायालयात उभा राहिला, तर शिक्षा ठरवताना त्याचा हेतू न्यायाधीशांनी अवश्य विचारात घ्यावा. त्यापलीकडे जाऊन याला कोणाचा हक्क म्हणायला मी तयार नाही. सर्व बाजूंनी या कसोटीला उतरलेले प्रकरण अजून माझ्या वाचनात नाही.

जी कसोटी कार्यकर्त्याला, तीच सरकारलाही लागू झाली पाहिजे. फोनमध्ये चोरून शिरणाऱ्या ‘पेगॅसस’ या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणून सरकारला मोकळे रान मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी बजावले आणि चौकशीसाठी तांत्रिक समिती नेमली. समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे ठामपणे सांगता आले नाही, आणि सरकारने चौकशीला सहकार्य केले नाही अशी नोंद झाली. नागरिकाच्या खिशातल्या फोनमध्ये चोरून शिरणे हेही राजकीय हॅकिंगच आहे. वर्दीतल्या माणसाने केले म्हणून ते शुद्ध होत नाही, उलट त्याच्याकडून उत्तर मागणे जास्तच कठीण असल्याने त्याचा धोका मोठा आहे.

तरुणांना हॅकिंगचा मोह का होतो, याचे उत्तरही सरकारने द्यायला हवे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, पण उत्तर टाळणारे माहिती अधिकारी आणि वर्षानुवर्षे लांबणारी अपिले आम्ही केंद्रात बसून पाहतो. आतल्या गैरव्यवहाराची वाच्यता करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला, राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली, पण तो अंमलात आणायचे राहूनच गेले. तो आधी लागू करावा. ज्या कार्यालयात कागद दडवले जातात तिथल्याच प्रामाणिक कारकुनाला तोंड उघडता आले, तर बाहेरच्या मुलाला कुलूप फोडावे लागणार नाही. तसेच सरकारी संकेतस्थळातली त्रुटी एखाद्या विद्यार्थ्याने गैरफायदा न घेता कळवली, तर त्याच्यावर परवानगीविना संगणकात शिरण्याबद्दलच्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांचा बडगा उगारला जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद हवी. अशा मुलांची सरकारला गरज आहे, आणि ती आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत आहेतही.

त्यातले दोघे संध्याकाळी माझ्या केंद्रात येतात. “काकी, हॅक केलं तर एका रात्रीत सगळं बाहेर येईल,” असे त्यांचेही म्हणणे होते. माडबन प्रकल्पाला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण परवानगी देताना ३५ अटी घातल्या होत्या. त्या प्रत्येक अटीचे पुढे काय झाले, हे विचारणारा अर्ज आम्ही तिघांनी मिळून लिहिला. खाली दोघांनी आपली पूर्ण नावे आणि गावचा पत्ता घातला, सही केली, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि अर्ज स्पीड पोस्टाने दिल्लीला पाठवला. पोस्टाची पावती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तीस दिवसांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. उत्तर आले नाही तर पहिल्या अपिलाचा मसुदा आम्ही आताच करून ठेवला आहे.

आपली नम्र,
एक महा ई-सेवा केंद्रचालक,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी