शैलास पत्र: कोरा पट आणि 72 सेकंद

नाशिक, मंगळवार रात्र

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर एक ओळ नाही माझी, तू रागावली असणारच. राग नंतर काढ, आधी हे वाच. आम्ही सगळे बरे. आईंची साखर ताब्यात, माझी कंबर नेहमीसारखी.

शनिवारच्या कोड्यांच्या तासाला आता घड्याळ लावताहेत. जूनपासून अर्ध्या तासात पंचवीस प्रश्न, चार पर्याय, आणि मार्क फळ्याशेजारी लावायचे. कारण शिष्यवृत्ती. तिथे एका पेपरात 75 प्रश्न आणि दीड तास, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. त्याचा सराव मुलांना हवाच, मी कधी नको म्हटलं? पण त्यासाठी हा तास का घ्यायचा? इथे कुणाला सांगायला जावं तर 'मॅडम, खेळच तर आहे' म्हणतात. कोड्याचा पट कोरा द्यायचा की रंगवून, यावरून तू माझ्याशी अबोला धरला होतास, म्हणजे तुला तरी हा खेळ भांडण्याइतका मोठा वाटला होता. म्हणून तुलाच लिहितेय.

सध्या पाचवीत तोच पट चालू आहे. 4 × 4 चा, घर 3 सेंटिमीटरचं, समोरासमोरचे दोन कोपरे कापलेले. उरली 14 घरं, दोन-दोन घरं झाकणाऱ्या पट्ट्या सात. सातही बसवून पट पुरा झाकता येईल का, एवढंच कोडं. पट्टी 6 × 3 ची नाही, 5.8 × 2.8 ची कापायची. नेमक्या मापाची कापली की शेवटच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि पोरं म्हणतात, 'बाई, कापायला चुकलंय.' मग सगळा दोष कात्रीवर जातो आणि कोडं तिथेच मरतं.

सहा पट्ट्या बसतात, सातवी नाही. उरलेल्या दोन घरांत पेन्सिलीने ठिपका द्यायचा, पट्ट्या उचलायच्या, पुन्हा मांडायच्या. सहा बसल्या तरच ठिपका, हे मात्र बजावून सांगावं लागतं. कुणी पाचवरच थांबून उरलेल्या चारही घरांत ठिपके दिले की एक ठिपका भलत्या घरात पडतो आणि सगळा घोळ होतो. नीट केलं तर ठिपके एकाआड एक घरांतच पडतात, शेजारच्या घरात कधीच नाही. मुलं पट तिरपा धरून बघतात, आणि कुणीतरी म्हणतं, 'अगं, हा बुद्धिबळाचा पट झाला!' तो काळा-पांढरा रंग ती स्वतः शोधतात, शैला. तू म्हणायचीस, आधीच रंगवून दे, मागच्या बाकावरची मुलंही येतील. येतील, पण मग शोधायला काय उरलं? मागच्या बाकावरच्यांसाठीच तर ठिपके आहेत, त्याला पाढे यावे लागत नाहीत. यावर मी आजही हटणार नाही, हवं तर पुन्हा अबोला धर!

रंग सापडला की पुढचं त्यांचं तेच बोलतात: पट्टी कशीही ठेवा, एक काळं आणि एक पांढरं झाकणार. आपण कापले ते दोन्ही कोपरे एकाच रंगाचे, म्हणजे उरली 8 आणि 6. 'मला जमलं नाही' इथून 'कुणालाच जमणार नाही' इथपर्यंत मूल येतं ते असं. मग 8 × 8 चा पट दिला तर पट्टीला हात न लावता सांगतात: 32 आणि 30, नाही बसणार. हेच कोडं पर्याय देऊन विचारलं तर 'हो' की 'नाही', निम्मी मुलं नाणं उडवूनही बरोबर येतील.

'घरं सम असली की बसतंच' असं ज्यांनी मनात धरलंय, त्यांच्यासाठी 5 × 5 ठेव. कोपरा काढला तर बारा पट्ट्या बसतात, मधलं घर काढलं तरी बसतात, कोपऱ्याशेजारचं काढलं की नाही. तिन्ही वेळा घरं 24 च.

पुढच्या शनिवारी गणिती कापरेकर सरांचा 6174 घेणार होते. ज्या देवळालीत त्यांनी 1930 ते 1962 शाळेत शिकवलं, तिथून रोज आमची निम्मी मुलं बसने येतात. चार अंक, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच; जास्तीत जास्त सात वेळा केलं की 6174 येतोच. 3524 ला तीनच लागतात: 3087, 8352, 6174. पण 2111 घेतलं की 2111 − 1112 = 999, आणि मूल 999 मधून 999 वजा करून शून्यावर थांबतं. तिथे 0999 लिहायचं, मग 9990 − 0999 = 8991 आणि गाडी रुळावर. पुढे 8082, 8532, 6174. घड्याळ लावलं तर त्या शून्याला फुली पडेल आणि पुढचा प्रश्न. नाहीतर 'याचंच असं का झालं?' यावर अख्खा वर्ग भांडला असता!

महिन्यातून दोन शनिवार तरी विनाघड्याळ द्या, असं लेखी मागणार आहे. 'मार्क कसे देणार?' हे पहिलं विचारतील. उत्तराला 2 आणि कारणाला 8 असं मनात आहे, पण कारण अर्धंच असेल तर किती? तू सहावीला लिहून घ्यायचीस त्या वह्यांच्या दोन-चार पानांचे फोटो पाठव, तुझ्या लाल शाईच्या शेऱ्यांसकट. सोमवारी अर्ज द्यायचाय.

अमेयची दहावी कशी चाललीय? साताऱ्याचं घर मिळालं का? भाऊजींना नमस्कार.

तुझी,
अंजू