कोडाच्या जाहिराती छापू नका, पोरांच्या ताटातलं अन्न जातं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून येतो, रविवारी आधी कोण वाचणार यावरून अजून भांडणं होतात, त्यामुळे हे पत्र परक्या माणसाचं समजू नका. रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर एक चौकट येते, पांढरे डाग मुळापासून बरे, पथ्य आणि व्हिटॅमिन कोर्ससह, खाली मोबाईल नंबर. दीड वर्षापूर्वी तो नंबर मी फिरवला होता. पुढे काय झालं ते सांगते, शक्य असेल तर सगळं छापा.

माझी लेक तेव्हा नववीत होती. डाव्या पापणीच्या कडेला मुगाएवढा पांढरा ठिपका दिसला. जंत असतील म्हणून जंताची गोळी दिली, मग कॅल्शियम कमी असेल म्हणून कॅल्शियम, आपल्याकडे चेहऱ्यावर पांढरं दिसलं की सगळे हेच सांगतात ना. दोन महिन्यांत बोटांच्या पेरांवर आणि गुडघ्यावर पण आलं तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, कोड आहे गं पोरीला. कोड हा शब्द आमच्याकडे दार लावून बोलतात, लग्नाचं काय इथपासून सुरुवात होते, पोर अजून चौदा वर्षांची. मला रात्र रात्र झोप नव्हती आणि मी डॉक्टरकडे जायच्या आधी पेपरातला नंबर लावला. पेपरात आलंय म्हणजे कुणीतरी बघून छापलं असेल असं मला वाटलं, खरंच वाटलं.

पलीकडच्या माणसाने पोरीचं वय विचारलं नाही, वजन विचारलं नाही, आधी काही औषध चालू आहे का तेही नाही. ६,४०० रुपये भरले, कुरिअरने तीन महिन्यांचा किट आला आणि सोबत पथ्याचा कागद. मासे बंद, अंडं बंद, दूध-दही बंद, आंबट सगळं बंद म्हणजे लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, संत्रं, आवळासुद्धा, वांगं बंद, मीठ नावापुरतं. आता आम्ही ठाण्यातल्या चेंदणीचे कोळी. आमच्या घरात म्हावरं नाही असा दिवस महिन्यात दोन-तीनच, आणि कोकमाशिवाय कालवण कसं करायचं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पण पोरीसाठी केलं. ती एका बाजूला वरण-भात-भेंडी खायची आणि आम्ही बांगडा, मग आम्हालाच घास जाईना म्हणून घरात सगळ्यांचंच बंद केलं. नारळी पौर्णिमेला सुद्धा तिने नारळीभात तेवढा खाल्ला.

पाच महिन्यांत डाग तसेच राहिले, एक-दोन वाढले, आणि पोर जिना चढताना धापा टाकायला लागली. शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.७. बी-१२ व्हिटॅमिन पण खूप खाली. तेव्हा कुठे आम्ही स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि मी पहिल्यांदा या आजाराबद्दल कुणाकडून तरी नीट ऐकलं.

डॉक्टर बाईंनी अर्धा तास दिला. कोड म्हणजे शरीराची जी फौज जंतूंशी लढते तीच चुकून कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, त्या पेशी गेल्या की तिथला रंग जातो. जगात साधारण शंभरात एखाद्याला असतं. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने कुणाला होत नाही, आणि कुष्ठरोगाशी याचा काडीचा संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, त्यात चट्ट्यावरची संवेदना कमी होते आणि गोळ्यांच्या कोर्सने तो पूर्ण बरा होतो. पण जुन्या लोकांनी कोडाला श्वेतकुष्ठ म्हणून ठेवलंय ना, त्या एका शब्दाने किती पोरींची लग्नं मोडली असतील. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड होतं हे तर मी स्वतः लहानपणापासून ऐकलंय. डॉक्टर म्हणाल्या याला काही आधार नाही, तसं असतं तर आख्ख्या कोळीवाड्यात प्रत्येक घरात दिसलं असतं.

आणि पथ्याचं त्यांनी जे समजावलं ते मी आता भेटेल त्याला सांगते. मासे, अंडी, दूध हे तिघं गेले की बी-१२ येणार कुठून, ते भाजीपाल्यात नसतं. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं, म्हणजे पोह्यावर लिंबू पिळायची आपली पद्धत उगाच नाही, ते लिंबूच आम्ही काढून टाकलं होतं आणि वर जेवणासोबत चहा, जो लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे पोरीला आजार होता कातडीचा आणि आम्ही पथ्य करून तिचं रक्त खाली आणलं. आंबट खाल्ल्याने डाग वाढतात असा पक्का पुरावा नाही, अमुक खाल्ल्याने डाग जातात असंही नाही. एखाद्याला एखादी गोष्ट खाल्ल्यावर खाज येते, पित्त उठतं, तर तेवढी सोडा, बाकी सगळं खा, हे त्यांचं सरळ म्हणणं. त्या संध्याकाळी मी जांभळी नाक्यावरून लिंबं आणि बाजारातून मांदेली घेऊन आले, पोर भाजतानाच दोन उचलून खात होती, ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे.

आता किटबद्दल, कारण माझं खरं दुखणं तिथेच आहे. मला वाटायचं व्हिटॅमिन म्हणजे काय, फायदा नाही झाला तर नुकसान तरी नाही. डॉक्टरांनी थायरॉईड तपासायला सांगितलं होतं, कोड असणाऱ्यांमध्ये थायरॉईडचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो म्हणून. रिपोर्ट आला तर टीएसएच एकदम कमी आणि टी-फोर जास्त, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जोरात चालल्यासारखं. आमचे हे तर रिपोर्ट हातात घेऊन बसूनच राहिले. पण डॉक्टर म्हणाल्या पोरीचे ठोके नॉर्मल, हात थरथरत नाहीत, घाम नाही, हे जुळत नाही, केसांची-कातडीची कसली गोळी चालू आहे का. मी किटची बाटली पर्समधून काढून दाखवली. त्यात बायोटिन, म्हणजे केसांसाठी म्हणून विकतात ते व्हिटॅमिन, १०,००० मायक्रोग्रॅम. माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. इतकं बायोटिन रक्तात असलं की बऱ्याच लॅबच्या मशीनमधली तपासणीच चुकते आणि थायरॉईड वाढल्यासारखा खोटा रिपोर्ट येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता, हार्टअटॅकसाठी जी ट्रोपोनिनची टेस्ट करतात ती पण यामुळे चुकू शकते. आठवडाभर गोळी बंद करून परत रक्त दिलं, सगळं नॉर्मल. विचार करा, समोरच्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नसता तर माझ्या चांगल्या पोरीला थायरॉईडची औषधं सुरू झाली असती.

त्याच बाटलीत झिंक ५० मिलिग्रॅम होतं. मोठ्या माणसाने रोज ४० च्या वर बरेच दिवस घेऊ नये म्हणतात, इथे तर चौदा वर्षांची पोर. जास्त झिंकने शरीरात तांबं शोषलं जात नाही, आणि कातडीचा रंग जो एन्झाइम बनवतो त्यालाच तांबं लागतं. म्हणजे डाग जावेत म्हणून जी गोळी देतोय तीच उलट्या दिशेने ओढतेय. हे ऐकून शेजारच्या काकूंनी लगेच तांब्याच्या घागरीतलं पाणी पाजा म्हणून सांगितलं, पण डॉक्टर म्हणाल्या नेहमीचं जेवण जेवणाऱ्याला तांब्याची कमतरता क्वचितच होते, झिंक बंद करा एवढं पुरे.

व्हिटॅमिन डीचं तर सगळ्यांनीच लक्षात ठेवा. साठ हजार युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, सहसा आठ आठवडे, दुधातून. आमच्या नात्यातल्या एका आजोबांनी ते रोज घेतलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघता दिलं, दोन महिन्यांनी सारखी तहान, उलट्या, पोट साफ नाही, भलतंच बडबडायला लागले, कॅल्शियम इतकं वाढलं होतं की ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं. बी-१२ आणि सी जास्त झालं तर बरंचसं लघवीतून जातं, पण ए आणि डी शरीरात साठतात, सहज बाहेर पडत नाहीत. ए जास्त झालं तर लिव्हरला त्रास, आणि पोटात बाळ असणाऱ्या बाईने तर जास्तीच्या ए च्या गोळ्यांपासून लांबच राहावं, बाळात व्यंग येऊ शकतं. आमच्या किटमध्ये डीचे थेंब वेगळे आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी वेगळं, दोन्हींची बेरीज कुणी केली होती? मी तर नाही, आणि विकणाऱ्यानेही नाही. पोरीचं डी तपासलं तेव्हा नशिबाने मर्यादेत होतं.

डॉक्टरांनी किट बंद करून फक्त जे रिपोर्टमध्ये कमी होतं तेच दिलं, बी-१२ आणि लोह, तेही किती दिवस ते लिहून आणि तीन महिन्यांनी परत रक्त तपासून. हिमोग्लोबिन बारावर गेल्यावर लोहाची गोळी कधी थांबवायची तेही त्यांनीच ठरवलं. डागांसाठी पापणीवर टॅक्रोलिमसचं मलम, ते कातडीतली ती उलटलेली फौज शांत करतं, आणि आठवड्यातून दोनदा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ठराविक अतिनील किरणांचा लाइट. दहा महिने झाले. पापणीचा रंग जवळजवळ परत आलाय, गुडघ्यावर ठिपके-ठिपके भरतायत, बोटांच्या पेरांवर काहीच नाही, आणि तिथे कमी फरक पडतो हे त्यांनी पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं. जाहिरातीतल्या माणसाने नव्वद दिवसांत शंभर टक्के म्हणून सांगितलं होतं. ज्यांना प्रायव्हेट परवडत नाही त्यांनी महापालिकेच्या किंवा सरकारी मोठ्या हॉस्पिटलातली स्किन ओपीडी गाठावी, रांग असते पण फुकट्या सल्ल्यापेक्षा ती रांग बरी. आणि बावचीचं तेल लावून उन्हात बसायच्या भानगडीत घरच्या घरी पडू नका, त्यातल्या सोरालेन नावाच्या द्रव्यामुळे कातडी उन्हात भाजते, माझ्या मावशीच्या पायावर एवढाले फोड आले होते आणि कोडात जिथे जखम होते तिथे नवा डाग उठू शकतो.

आता मूळ मुद्दा. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर बरं करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे त्यांची यादी त्या कायद्याला जोडलेली आहे, आणि त्या यादीत कोड आहे. माझ्या भावाने, तो वकिलांकडे क्लार्क आहे, मला ते पान काढून दाखवलं. म्हणजे लोकलच्या डब्यात दाराशेजारी चिकटवलेला तो स्टिकर बेकायदेशीर, आणि तुमच्या पानावरची चौकटही. स्टिकर रात्रीत कोण लावून जातं ते कळत नाही, पण तुमच्याकडे तर पैसे घेऊन, पावती देऊन छापतात. लोक स्टिकरवर हसतात, पेपरावर विश्वास ठेवतात, मी ठेवला.

माझी मागणी एवढीच की ती चौकट बंद करा, आणि अशी जाहिरात घेऊन कुणी आलं तर तुमच्या काउंटरवरच्या माणसाला ती यादी माहीत असू द्या. २५ जूनला जागतिक व्हिटिलिगो दिन, म्हणजे कोडाचा दिवस असतो, त्या दिवशी एखाद्या स्किनच्या डॉक्टरांना अर्धं पान द्या, खायचं काय, गोळ्या किती, रक्त कधी तपासायचं हे साध्या मराठीत लिहायला सांगा. माझी पोर म्हणते मी पण लिहीन, ती आता दहावीत आहे, मे महिन्यात पण लांब बाह्यांचा ड्रेस घालून क्लासला जायची, या वर्षी तिने स्वतःहून सोडलाय. नाव छापायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे, सध्या माझंही छापू नका.

गेल्या रविवारच्या अंकाचं कात्रण सोबत जोडलंय, चौकटीला लाल पेनाने गोल केलाय.

आपली वाचक,
एक आई,
चेंदणी कोळीवाडा, ठाणे