भाकरीचे ठोके दोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. आता संध्याकाळी आजूबाजूची मुलं घरी अभ्यासाला येतात. गेल्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीनं इंग्रजीची वही दाखवली. शब्दांचे सिलॅबल, म्हणजे उच्चारातले तुकडे किंवा ठोके, पाडायचे होते. तिनं 'फादर' तोडला होता 'फॅट' आणि 'हर' असा, आणि त्यावर बरोबरची खूण होती! दोन व्यंजनं शेजारी आली की मधून तोडा, असं वर्गात सांगितलं होतं म्हणे. 'नॅपकिन'ला ते चालतं. पण 'फादर'मध्ये टी आणि एच मिळून एकच आवाज होतो, तो कसा चिरणार?

स्पेलिंगवर रेघा मारायला लावण्याआधी मुलांना शब्द ऐकू द्या, एवढीच माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. हनुवटीखाली हात आडवा धरून शब्द सावकाश, मोठ्यानं म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा हाताला लागेल तितके सिलॅबल. 'नेम'च्या स्पेलिंगात स्वर दोन, पण शेवटचा ई मुका, म्हणून एकच. 'जम्प्ड' एक, 'वॉन्टेड' मात्र दोन, कारण टी किंवा डीनंतर आलेल्या ईडीचा उच्चार वेगळा करावा लागतो.

आपल्या मुलांना हे जड नाही. 'भाकरी' लिहिताना अक्षरं तीन, बोलताना भाक-री, ठोके दोन. 'पुस्तक' आपण लिहितो पु-स्त-क, म्हणतो पुस्-तक. म्हणून तर वृत्तात जोडाक्षराआधीचा 'पु' ऱ्हस्व असूनही गुरू धरतात. अमेरिकेत शब्दकोशकार नोआ वेबस्टरनं १७८३ साली स्पेलिंगचं पुस्तक काढलं, तेव्हा त्याचं भांडण याच गोष्टीवर होतं. आधीची पुस्तकं 'क्लस्टर' हा शब्द क्ल-स्टर असा तोडत, त्यानं बोलण्याप्रमाणे क्लस-टर केला. लघु-गुरू शिकवणाऱ्या मराठीच्या बाईंना इंग्रजीच्या तासाला दहा मिनिटं बोलवावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भागात पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात. ती मुलं 'बस'ला 'बस्सु' म्हणतात, एकाचे दोन होतात. मराठी घरातलं 'इस्कूल'ही तसंच. त्यांना रागावू नये. दोन्ही उच्चार करायला लावून ठोके मोजून घ्यावेत, फरक मुलंच सांगतात.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असलं की मात्र थांबावं लागतं. 'टायगर' होतो टाय-गर, पण 'लेमन' होतो लेम-अन. तिथे दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघायचं, ओळखीचा शब्द कानावर येईल तिथे तोडायचं आणि शब्दकोशात ताडून घ्यायचं.

त्या मुलीनं हनुवटीखाली हात धरून 'फा-दर' म्हटलं आणि रेघ स्वतःच खोडून टीच्या आधी आणली. आपल्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला असे पाच शब्द ठोके पाडून छापाल का? निवडून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर