कूलंट पाइपच्या दोन रिंगांसाठी काकांचे आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. गाडीचं पाणी, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट, कमी होतंय पण गळती सापडत नाही, अशा फेऱ्यात अडकलेले पुष्कळ जण असतात. तुम्ही मला दाखवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

जमिनीवर कधी थेंब दिसला नाही. बाटलीतली पातळी मात्र हळूहळू उतरत होती, आणि गाडी बंद केली की बोनेटपाशी गोडसर वास यायचा. ज्याला विचारावं तो हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचं, नाव घ्यायचा. एका ठिकाणी हेड उतरवायची तयारीसुद्धा झाली होती. दुसरीकडे सांगितलं, गळती बुजवणारी पावडर टाका आणि मोकळे व्हा. पावडरीला तुम्ही तिथल्या तिथे नकार दिलात, कारण नको असलेल्या फटीबरोबर ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. हेड गॅस्केटची शंका मात्र तुम्ही नुसती उडवून लावली नाहीत. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून इंजिन चालू ठेवलंत. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असता, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने तो द्रव पिवळा पडला असता. तो निळाच राहिला. केवढं मोठं काम आणि केवढी काळजी त्या एका तपासणीने टळली!

मग तुम्ही म्हणालात, "आता इंजिन पूर्ण गार होऊ दे, मगच बघू." मला याचं नवल वाटलं होतं, कारण तोवर सगळ्यांनी गळती शोधली ती गरम, चालत्या इंजिनावर. तुम्ही समजावून सांगितलंत की म्हातारं झालेलं रबर गार असताना आक्रसून फट सोडतं आणि गरम झालं की फुगून तीच फट बंद करतं. शिवाय तापलेल्या ब्लॉकवर जे काही झिरपतं त्याची वाफ होऊन जाते, मागे राहतो फक्त पांढुरका थर. हातपंपाने तुम्ही रेडिएटरच्या कॅपवर छापलेल्या दाबाइतकाच दाब भरलात, त्याहून काडीभर जास्त नाही, आणि काटा बघत बसलात. काटा हळूच खाली सरकला. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या खाली, जिथे लोखंडी पाइप वॉटर पंपाच्या हाउसिंगमध्ये शिरतो, तिथे आरशात तो थर दिसला आणि त्याच्या कडेला ओल.

पाइप तुम्ही ओढला नाहीत. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवत सोडवलात. दोन्ही टोकांच्या ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्या, तळहातावर ठेवून मला विचारलंत, "यांत फरक काय दिसतो?" काका, सगळ्यात जास्त आभार मला या प्रश्नाचे मानायचे आहेत. दोन्ही काळ्या, दोन्ही एकाच मापाच्या, पण दोघी वेगवेगळ्या कारणांनी निकामी झालेल्या. एक कडक होऊन चपटी पडली होती. तिचा गोल छेद चौकोनी झाला होता आणि नखाने दाबलं तरी ती परत उसळत नव्हती. वर्षानुवर्षं उष्णता आणि दाब सोसून रबराची उसळी गेली की ते नुसतं जागा अडवतं, सील करत नाही. दुसरी उलट मऊ, फुगलेली, खाचेबाहेर येऊन कडेला चिरलेली. ती तुम्ही बोटांत चोळून पाहिलीत, वास घेतलात आणि म्हणालात की बसवताना कुणीतरी साधं ग्रीस लावलंय. आधीच्या दुरुस्तीत रिंग बरोबर निवडली होती, ईपीडीएम नावाच्या रबराची. पण हे रबर गरम पाण्याला आणि कूलंटमधल्या ग्लायकोलला जितकं दाद देत नाही, तितकंच ते खनिज तेलाला बळी पडतं. पेट्रोलियमचं ग्रीस लागलं की फुगतंच. त्याला सिलिकॉन ग्रीस चालतं, आणि ते नसेल तर बोटभर कूलंट पुरतं.

सील सुधारूनच घ्यायचं तर व्हायटॉन या दुसऱ्या रबराची रिंग टाका, ती दोनशे अंश सोसते, असा सल्ला मला मिळाला होता. तुम्ही माझ्यासमोर कागदावर आकडे मांडलेत. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकोल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. कॅपमुळे एक बारच्या आसपास दाब चढला की हाच बिंदू १२५ अंशांच्याही वर जातो. म्हणजे रबराला इथे दोनशे अंश सोसायची गरजच पडत नाही. त्याला सोसावं लागतं ते गरम पाणी, सतत. व्हायटॉन तेलाला आणि पेट्रोलला उत्तम, पण त्याच्या नेहमीच्या प्रकारांना गरम पाणी आणि वाफ मानवत नाही. पेरॉक्साइडने पक्कं केलेलं ईपीडीएम १५० अंशांपर्यंत टिकतं आणि ते ग्लायकोलसाठीच योग्य आहे. आपण तेच घेतलं. तेही पाकिटावर रबराचं नाव छापलेलं, कारण सरमिसळ डब्यातली काळी रिंग नायट्राइलची की ईपीडीएमची, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

माप घेतानाही तुम्ही जुनी रिंग बाजूला सारलीत. चपटी झालेली रिंग खोटं माप देते, म्हणून खाचेची खोली मोजलीत आणि उत्पादकाच्या भाग क्रमांकाशी ताडून पाहिलीत. नवी रिंग बसल्यावर तिच्या जाडीचा पाचवा-चौथा हिस्सा चेपला जायला हवा. त्याहून कमी चेपली तर झिरपते, फार चेपली तर लवकर मरते.

खाच साफ करायला मात्र तुम्ही जो वेळ दिलात, तो मी दुसऱ्या कुणाला देताना पाहिलेला नाही. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी झीज धरली होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिथे लागू दिलं नाहीत, कारण खाचेला आडवा गेलेला एक ओरखडासुद्धा पाण्याला वाट करून देतो. प्लास्टिकची काडी, नायलॉनचा घासणीचा तुकडा, कापड, पुन्हा बोट फिरवून बघणं. खड्डे खोल असते तर हाउसिंगच बदलावं लागलं असतं, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतं. बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. ओ-रिंगवर सिलिकॉन सीलंटचा लेप लावायचा नाही, हेही तेव्हाच समजलं.

पुढचं काम झटपट झालं. एकाच प्रकारचं नवं कूलंट, डिस्टिल्ड पाणी, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढणं. जुनं कूलंट तुम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घेतलंत आणि सांडलेला शेवटचा थेंबही पुसलात. ग्लायकोल गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. घाईत असूनही तुम्हाला त्याचं भान होतं, हे मी विसरणार नाही.

त्यानंतर गार इंजिनावर पुन्हा दाब भरून पाहिला, काटा जागचा हलला नाही. बाटलीची पातळी तेव्हापासून खुणेवरच आहे आणि वासही गेला.

थर्मोस्टॅट हाउसिंगची रिंग त्याच वयाची आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. ती मागवून ठेवली आहे, ईपीडीएमचीच. पुढच्या वेळी कूलंट बदलताना ती मला बसवू द्या, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.

तुमची ऋणी,
तुम्ही पाना हातात दिलेली मुलगी