उतरताना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन आपटला, ते चुकलंच. तू एवढंच म्हणालास की पुढच्या आठवड्यात जीवधन किल्ला, तोही जुन्नर दरवाजाच्या वाटेने. इथे चार दिवस गच्चीतून शिवनेरीसुद्धा दिसत नाहीये, इतकं धुकं आणि पाऊस. माझ्या जिवाचं पाणी झालं. तुझ्या चढण्याची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती उतरण्याची.

तिसरीत असताना आप्पांनी मला नि मामाला चावंड किल्ल्यावर नेलं होतं. १८१८ साली इंग्रजांनी पायऱ्या फोडल्या, त्या टप्प्याला तेव्हा रेलिंगबिलिंग काही नव्हतं. कातळातल्या खोबणीत बोटं रुतवत मी सरसर वर गेले. सप्तमातृकांच्या टाक्यांपाशी बसून चटणी-भाकरी खाल्ली. उतरताना मात्र खाली बघितलं आणि पाय लाकडासारखे झाले. रडूही येईना. आप्पा खालून म्हणाले, "तोंड डोंगराकडे कर." मग माझं एकेक पाऊल तळव्यात धरून त्यांनी खोबणीत ठेवलं. एक पाऊल, थांब, दुसरं पाऊल. तो खरखरीत हात आजही टाचेला जाणवतो.

मामाचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. तेही उतरतानाच.

जीवधनच्याही पायऱ्या तशाच उडवलेल्या आहेत. श्रावणात त्या कातळावर शेवाळ धरतं. बुटांचे तळ झिजलेत का बघ. दोराशिवाय कुणी पुढे झालं तर तू होऊ नकोस. वानरलिंगी सुळक्याच्या बाजूला कड्याच्या टोकाशी फोटोसाठी उभा राहू नकोस, वारा ढकलतो. धुकं आलं तर आहे तिथे बस, तासभर गेला तरी चालेल. आणि... जाऊ दे. सव्वीस वर्षांच्या मुलाला पहिलीतल्यासारखं शिकवत बसले. रागावू नकोस रे.

तू गडांवरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ उपसायला जातोस, हे मी आत्याला कितीदा सांगितलं असेल. २०२५च्या जुलैत शिवनेरी जागतिक वारशात गेला, तेव्हा पहिला फोन तुझाच आला होता आणि तुझा आवाज भरून आला होता. सहा वर्षांचा असताना शिवाईच्या देवळात "महाराज इथेच रांगले का?" म्हणून पुजाऱ्यांना विचारत होतास, तोच आवाज. तुला अडवावं असं मनात नाही. आप्पा असते तर या वयातही तुझ्याबरोबर निघाले असते.

बाबा काही बोलत नाहीत. पण काल पावसाचा अंदाज त्यांनी दोनदा लावला.

घाटघरला उतरलास की फोन कर. रेंज नसली तर जुन्नरात शिरताना कर. पुण्याला परस्पर जाऊ नकोस. बाबांचा कोरडा सदरा काढून ठेवते. आणि उतरताना तोंड डोंगराकडे.

तुझी,
आई