वय विचारणाऱ्या मेडिकलवाल्या काकांना

काका, नमस्कार.

परवा खानापूरला तुमच्या दुकानात एक बाई लेकराच्या तापावर टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल मागायला आल्या. "कुणासाठी? वय किती?" एवढंच विचारलंत, "पाच" ऐकताच डबा फळीवर परत ठेवलात आणि त्यांना डॉक्टरांकडे धाडलंत. फार मोठं काम केलंत.

कारण सगळं त्या वयातच आहे. हे औषध कॅल्शियमला चिकटतं. हिरडीत दात घडत असताना ते रक्तातून त्यात शिरतं आणि कायमचं तिथंच राहतं. पोटातल्या बाळाच्या चौथ्या महिन्यापासून आठव्या वर्षापर्यंत हा धोका असतो. पुढचे पक्के दात बाळ तीन-चार महिन्यांचं असल्यापासून घडू लागतात, दिसतात मात्र सहाव्या-सातव्या वर्षी. म्हणून कॅप्सूल देणाऱ्याला आपण काय केलं ते कधी कळतच नाही. दात आधी पिवळा येतो, मग उजेड लागून करडा-तपकिरी होतो. म्हणून पुढचेच जास्त काळवंडतात.

कॅप्सूल फोडून, पूड साखरेत कालवून "दोन दिवस द्या" म्हणणाऱ्यांनी वय कधी विचारलं नाही. त्यांच्या त्या दोन मिनिटांपायी हसताना तोंडावर हात धरणाऱ्या पोरी आम्ही दातांचे डॉक्टर बघतो. डाग आतल्या थरात असतो, मिश्रीनं किंवा कोळशानं घासून जात नाही. मोठेपणी 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं दात उजळवणारं जेल दातांच्या मापाच्या साच्यात भरून रात्री लावायचं, तेही महिनोन्महिने. गडद करड्या पट्ट्यांना तेवढ्यानंही भागत नाही, व्हिनियर, म्हणजे दातावर चिकटवायचे पातळ पापुद्रे, बसवावे लागतात. एवढा खर्च किती घरांना झेपतो?

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे मनापासून आभार. डॉक्टरांनी स्क्रब टायफसवर (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर) टेट्रासायक्लिनच्याच गटातलं डॉक्सिसायक्लिन लिहिलं, तर लहान मूल म्हणून तुम्ही अडवत नाही. तिथं तेच पहिलं औषध, उशीर जिवावर बेततो. ते टेट्रासायक्लिनपेक्षा कॅल्शियमला कमी चिकटतं. 21 दिवसांपर्यंतच्या कोर्सनं दात डागाळत नाहीत. तेव्हा तुम्ही वजन विचारता, किलोमागे 2.2 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा हिशेब चिठ्ठीशी ताडून बघता. आणि पाकिटावर मराठीत नि कन्नडमध्ये लिहून देता: भरपूर पाण्याबरोबर द्या, लगेच झोपवू नका.

आपली,
मुलांच्या दातांची एक डॉक्टर, बेळगाव