स्पिटफायरचा हिस्सा घेण्याआधी

वास्को
श्रावण, शुक्रवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, फोटोही पाहिले. विमान देखणं आहे, वादच नाही. पण अकराच्या अकरा फोटो वरून नाहीतर बाजूने काढलेले, पोटाचा एकही नाही. स्पिटफायर मार्क ९ चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा, चौथा हिस्सा घ्यायचा म्हणतेस, तर आधी टॉर्च आणि लहान आरसा घेऊन त्याच्या खाली पाठ टेकून झोप.

पंख अंगाला जोडतात तिथल्या रिव्हेटच्या ओळी बघ. त्या काळच्या कित्येक रिव्हेट मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या. ऐंशी वर्षांत त्या आतून ठिसूळ होतात आणि वरून मात्र ठणठणीत दिसतात. म्हणून चांगलं काम करणारे त्या काढून नव्या मारतात. विकणारा 'पूर्ण रिस्टोर केलंय' म्हणेल, म्हणू दे. तू विचार, किती बदलल्या, किती ठेवल्या, नोंद कुठे आहे? मग मुख्य स्पारचे, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईचे, बोल्ट. प्रत्येक पंखाला सात, वर तीन आणि खाली चार. ते शेवटचे कधी काढून तपासले याची तारीख वहीत हवी. तारीख सापडत नसेल तर चहा पिऊन परत ये.

तेलाच्या थेंबांना घाबरू नकोस, मर्लिन इंजिन ठिबकायचंच. घाबरायचं ते कूलंटला, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला. त्यात ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल. गळून सुकलं की बोटाला चिकटणारा डाग राहतो. सिलिंडर ब्लॉकच्या सांध्याशी असा डाग दिसला तर ब्लॉक उतरवायची वेळ जवळ आली समज. ऑइल फिल्टर शेवटचा उघडला तेव्हा त्यात काय निघालं, तेही विचार. चमचमता चुरा म्हणजे बेअरिंग झिजतंय.

किमतीआधी एक प्रश्न. गेल्या बारा महिन्यांत विमान किती तास उडालं, आणि कसे? उन्हाळ्यात वीस तास आणि मग आठ महिने ताडपत्रीखाली, यापेक्षा महिन्याला दोन तास बरे. उभ्या इंजिनात सील सुकतात, कॅमवर गंज बसतो. २७ लिटरचं, १२ सिलिंडरचं, ४८ व्हॉल्व्ह आणि २४ प्लगचं ते धूड आहे, दुरुस्तीला गेलं की चारही भागीदार रडतात. तासाच्या दरात इंजिनाचा फंड धरलाय की नाही, ते कागदावर घे. पेट्रोलचा हिशेब सोपा. पोटातल्या टाक्यांत ८५ गॅलन, म्हणजे ३८६ लिटर. क्रूझला तासाला साधारण १८० ते २०० लिटर जातात, तेव्हा राखीव सोडून दीड तासाचंच विमान आहे हे.

आता सुरू करण्याबद्दल. प्राइमरचा पंप, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात पेट्रोल सोडणारा हातपंप, आधी हलका चालतो. पाइप भरले की हाताला एकदम जड लागतो, मोजणी तिथून सुरू करायची. इथल्या ३० अंशांत तीनेक झटके पुरतात, तुमच्याकडे शून्याला डझनभर लागतील. जास्त दिलेस तर पेट्रोल साचून एक्झॉस्टमधून जाळ निघतो. स्टार्टर २० सेकंदांच्या वर दाबायचा नाही, मध्ये ३० सेकंद थांबायचं. मग १२०० आरपीएमवर ठेवून कूलंट ४० अंश आणि ऑइल १५ अंश होईपर्यंत धीर धर.

आणि तिथून पुढे उलटी घाई. रेडिएटर पंखांखाली आहेत, जमिनीवर त्यांना वारा मिळत नाही, शिवाय चाकाचा पाय आडवा येतो. काटा चढतच राहतो. टॅक्सीला, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जायला, रांग असेल तर इंजिन सुरूच करू नकोस. टॅक्सी करताना नाकामुळे समोरचं काही दिसत नाही, म्हणून नागमोडी जायचं, एकदा डावीकडून डोकावायचं, एकदा उजवीकडून. ब्रेक हवेचे, कांडीवरच्या (विमान वळवायच्या दांड्यावरच्या) दांडीने लागतात. जोरात दाबलेस की नाक खाली. प्रोपेलरची पाती लाकडी, जमिनीला लागली की चुरा होतात, पण खरा खर्च त्यानंतरचा. झटका बसला म्हणून अख्खं इंजिन उघडावं लागतं. पॉवर देऊन तपासणी करताना शेपटीवर माणसं बसवतात ती यासाठीच. (फेब्रुवारी १९४५ मध्ये हिबाल्डस्टोला मार्गारेट हॉर्टन शेपटीवर असतानाच वैमानिक उडाला. एक फेरी मारून दोघं सुखरूप उतरली. तू शेपटीवरच्या माणसांची आधी मोजणी कर.)

टेक-ऑफला थ्रॉटल सावकाश. मर्लिनचं विमान डावीकडे ओढतं, उजवा रडर (शेपटीचं सुकाणू, पायाने चालतं) तयार ठेव. बूस्ट, म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, अधिक आठपेक्षा जास्त लागत नाही. उडाल्याबरोबर चाकं उचलायची, पण तो दांडा उजवीकडे आहे. थ्रॉटलवरचा डावा हात कांडीवर, उजवा दांड्यावर. या अदलाबदलीत नवखा माणूस विमान लाटेवरच्या होडीसारखं वरखाली करतो. थ्रॉटलचा घर्षण-नट आधी आवळला नाही तर थ्रॉटल आपोआप मागे सरकतो, ते वेगळंच. विमान हँगरमध्ये उभं असतानाच शंभर वेळा हात बदलून बघ.

उतरताना फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) एकतर वर नाहीतर पूर्ण खाली, अधलंमधलं काही नाही. वळणातच उतरत ये, सरळ आलीस की धावपट्टी नाकाआड जाते. शेवटी ताशी ९५ मैलांच्या आसपास. चाकं जवळजवळ असल्याने आडव्या वाऱ्यात शेपटी फिरते. सुरुवातीच्या वर्षात दहा नॉटच्या वर मी तर नाही म्हणेन. त्याआधी हार्वर्ड या शिकाऊ विमानावर भरपूर तास. ते विमान कंटाळवाणं नाही, ते उतरल्यावरही पाय हलवत राहायला शिकवतं.

गोव्यात आणायचं लिहिलंस, ते डोक्यातून काढ. कंटेनरला पंख उतरवावे लागतात, तिकडचा उडवायचा परमिट इथे आपोआप चालत नाही, आणि हे सगळं जमलं तरी खारा वारा आहेच. बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयात उघड्यावरच्या विमानांपाशी जा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी स्क्रू बसतो तिथे रंग फुगतो. बाजूला नख मारलं की पापुद्रा सुटतो आणि खाली पिठासारखी पांढरी भुकटी. दोन धातू आणि मध्ये मीठ, एवढं पुरतं. आपल्या सड्यावर स्कूटरचं मडगार्ड किती वर्षं टिकतं, तुला ठाऊक आहे.

चवथीला येशील तेव्हा इंजिनाची आणि एअरफ्रेमची, दोन्ही लॉगबुकं झेरॉक्स करून आण. पहिल्या पानापासून, अधलीमधली नकोत. आई नेवऱ्या करणार आहे. दुपारी ओसरीवर बसून वाचू.

तुझे,
बाबा